कोऱ्या चेहऱ्याची वाटणी

मी, डॉ. मधुसूदन विनायक टेंबे, वय एकसष्ट, व्यवसाय रेडिओलॉजिस्ट, राहणार दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आपण होऊन लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हे माझे मित्र डॉ. दिग्विजयसिंह यांनी तपासून पाहिले आहे. मनही शाबूत आहे, असे मी लिहिणार नाही. खोटा रिपोर्ट आजवर दिलेला नाही.

१. दर्पण कॉलनीतले घर आणि बँकेतली सगळी शिल्लक पत्नी सौ. पद्मा हिला. तिने माझ्याबरोबर संसार केला, त्या मानाने हे कमीच आहे. "तुमच्या चेहऱ्यावरून आमटीत मीठ कमी आहे की कोणी गेलंय, हे समजतच नाही," असे ती म्हणते. तिचे बरोबर आहे. तो चेहरा कुठून आला, ते पुढे लिहिले आहे.

२. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले माझे सोनोग्राफी सेंटर, म्हणजे जागा आणि फर्निचर, मुलगी डॉ. तन्वी हिला. ती इंदूरला हाच विषय शिकते आहे. तिने ते विकून टाकावे, ही माझी इच्छा आहे, अट नव्हे. सकाळी अंधाऱ्या खोलीत शिरायचे ते संध्याकाळी बाहेर पडायचे. मधे ऊन होते की पाऊस, याचा पत्ता नसतो. पाणी पिऊन पिऊन तट्ट फुगलेली माणसे "डॉक्टर साहब, अब नहीं रुकेगी" म्हणत दार ठोठावत असतात. उजवा खांदा कायमचा धरला आहे. बाड्याच्या चौकात कोणी नमस्कार केला तर मी ओळखत नाही, कारण मी पोटे पाहिली, माणसे पाहिलीच नाहीत.

३. सर्जन संग्रामसिंह यांना माझ्याकडून काहीही नाही. माझा रिपोर्ट त्यांनी कधी वाचला नाही. फोन करून "टेंबेजी, एक लाइन में बता दो" एवढेच. गाठ मी शोधायची आणि पेढे त्यांनी खायचे. बरा झालेला एकही पेशंट ते सांगायला माझा जिना चढला नाही. जे गेले, त्यांचे मरण मात्र सगळ्यांच्या आधी मला दिसले होते, आणि मी त्यांना "कपडे नीट करून घ्या" एवढेच म्हणालो होतो.

४. सोनोग्राफीचे मशीन पुतण्या अभिराम याला मिळू नये. "काका, मशीन मेरे नाम कर दो, परमिशनचं नंतर बघू," असे तो म्हणतो. ते जिल्हा कचेरीला कळवून, सील करून जमा करावे. पोटातले बाळ मुलगा की मुलगी, हे सांगणे गुन्हा आहे. बोलून नाही, खुणेनेही नाही. प्रॅक्टिस नवी असताना एका बाईची तपासणी चालू होती, मधेच मशीन अडकले आणि माझ्या कपाळाला आठी पडली. सासू शेजारी उभी होती. त्या आठीचा अर्थ तिने 'मुलगी' असा लावला. ती बाई पुन्हा आली तेव्हा पोट रिकामे होते. बाळ काय होते, ते मी पाहिलेसुद्धा नव्हते. त्या सासूला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

५. तेव्हापासून मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. हीच माझी खरी मिळकत, आणि ती मी जिवंतपणीच तन्वीला देऊन बसलो. "पेशंट पडद्याकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो," असे तिला घोकवले. दिवाळीत ती घरी आली तेव्हा माझे पोट दुखत होते. तिने मला सेंटरवर नेऊन स्वतः तपासले. मी पडल्या पडल्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. ते कोरे होते. "कुछ नहीं बाबा, थोडा गॅस आहे," ती म्हणाली आणि जेल पुसायला कागद दिला. "कपडे नीट करून घ्या."

तेव्हाच मला कळले. नंतर मशीनमधली चित्रे एकट्याने पाहिली: स्वादुपिंडात गाठ, यकृतभर डाग. तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आम्ही रोज फोनवर थंडीचे बोलतो. असे मरण्याचे मला फार भय वाटते.

६. बाकीची कलमे मी गेल्यावर लागू व्हावीत, हे मात्र आजपासून. याची नक्कल तन्वीला पाठवली आहे. बेटा, या रविवारी ये. सगळे दिवे लावून माझ्यासमोर बस आणि तुझ्या मनात असेल ते तुझ्या तोंडावर मला दिसू दे. तू शाळेत होतीस, त्यानंतर तुला रडताना मी पाहिलेले नाही.

सही: मधुसूदन विनायक टेंबे
ग्वाल्हेर, १२ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

तन्वी रविवारी आली. सगळे दिवे लावून समोर बसली. बराच वेळ तिने प्रयत्न केला. शेवटी म्हणाली, "बाबा, नहीं हो रहा मुझसे."

माझाही चेहरा हलला नाही. सबब कलम सहा रद्द समजावे.

सही: मधुसूदन विनायक टेंबे
ग्वाल्हेर, १७ नोव्हेंबर २०२५

दोन्ही वेळा आमच्यासमक्ष सही केली:
डॉ. दिग्विजयसिंह तोमर
सुधा रामकृष्ण मुळे, सेंटरची रिसेप्शनिस्ट