फ्यूजच्या जागी तार

बाबूजी, केशोरी गावच्या काकांची जीप सुरू झाली. आधी हेच सांगायला हवं, कारण कोणाचीही हकीकत ऐकायच्या आधी तुम्ही "गाडी चालू झाली का नाई, ते सांग" असंच म्हणायचात. झाली. पहिल्या सेल्फला झाली. तिचा तो कॉम्प्युटर, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत "डबा"च म्हणालात, तो मी बदलला, माझ्या हातानं. अर्जुनीपासून गोंदियापर्यंत दुसऱ्या कोणी हे काम करून दाखवावं, मग बोलू. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे.

मंगळवारी काकांनी ती ट्रॅक्टरला बांधून आणली. आता ते जीपमधून धान वाहत नाहीत. गावातल्या नऊ मुलींना अर्जुनीच्या कॉलेजात नेतात आणि परत आणतात. सोमवारपासून त्या मुलींची बारावीची परीक्षा होती, आणि त्यांच्या घरचे दुसऱ्या कोणाच्या गाडीत त्यांना बसवायला तयार नाहीत. काकांचा मुलगा म्हणत होता, भंगारात टाका. काका बोनेटवर हात ठेवून उभे होते. "बाई, सोमवारी नाई चालली तं पोट्ट्या घरीच रायतीन. सांग, होते का नाई?" मी म्हटलं, होते. तुम्ही असतात तर आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला असता, मग बोनेट उघडलं असतं, आणि मग कुठं म्हणाला असतात, "पाहू." मला एवढा दम धरवत नाही.

सेल्फ फिरत होता, पण इंजिन उचलत नव्हतं. स्कॅनर लावला तर गाडी काही बोलेचना. डब्याला बॅटरीचा करंट येत होता, अर्थिंग ठीक होतं. सगळे सेन्सर एकेक करून सुटे करून पाहिले, तरी डब्यातून त्यांना जायला हवेत ते पाच व्होल्ट नाहीतच. म्हणजे डबाच गेला. एवढं तपासल्याशिवाय हे वाक्य मी तोंडातून काढत नाही, आणि ते तुमच्यामुळं. तो दिवस मला अजून दिसतो. मी डिप्लोमा करून आलेय, हातात कोरं मीटर, आणि एका गाडीमालकाला छातीठोकपणे सांगतेय की याचा कॉम्प्युटर जळलाय. तुम्ही टायरवरून उठता, बॅटरीच्या काळ्या तारेचा बोल्ट काढता, पॉलिश पेपरनं घासता, परत कसता. गाडी सुरू. मालक गेल्यावर म्हणता, "डब्यावर आळ घेनं सोपं हाय. डबा उलटून बोलत नाई." दोन दिवस मी तुमच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एका गाडीत फ्यूजच्या जागी तुम्ही घातलेली तांब्याची तार दिसली आणि मी सगळा राग काढला. "फ्यूज कायले असते, माहीत हाय का तुमाले? उद्या कुठं शॉर्ट झालं तं तार नाई जळनार, डबा जळन!" तुम्ही हसलात. "चालू तं हाय ना?" त्या भांडणात ना तुम्ही हरलात, ना मी. पुढं मी नागपूरला एका वर्कशॉपात नोकरीला गेले, आणि तुम्ही अडल्यानडल्यांच्या गाड्या तार घालून डायरेक्ट करून देतच राहिलात.

तर डबा. त्याच नंबरचा एक जुना डबा मी नागपूरच्या कबाड्याकडून मागवला. पण तो नुसता बसवून चालत नाही. किल्लीची ओळख जुन्या डब्यातल्या चिपमध्ये असते, ती नव्यात गेली नाही तर गाडी तुम्हाला चोर समजून गप्प बसते. शुक्रवारी ती नखाएवढी चिप मी आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढली, कारण उजेड तिथंच चांगला. आई भात शिजवायचा गंज हातात धरून दारात खोळंबली. "तुहा बापबी इथंच नोझल धुवे," म्हणाली, आणि गंज खाली ठेवून तिथंच बसून पाहत राहिली. सोल्डरचा काविया टेकवताना माझा हात जरासुद्धा हलला नाही. तुमचा हलायचा, शेवटच्या वर्षांत.

नवा डबा बसवायच्या आधी जुना कशानं मेला ते शोधायला हवं, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जातो. इंजिनवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हची कॉइल आतून शॉर्ट झालेली सापडली. पण मग फ्यूज उडायला हवा होता, डब्यापर्यंत झळ पोचायलाच नको होती. फ्यूजबॉक्स उघडून पाहायचा तर काकांची परवानगी नाही. तुम्ही गेल्यावर मी परत येऊन गॅरेज हाती घेतलं, तेव्हापासून बारा वर्षं ऑइल, ब्रेक, क्लच सगळं ते माझ्याकडूनच करून घेतात, पण दरवेळी बजावतात, "तेवढं वायरिंग सोडून, बाई." मी ते मनाला लावून घेतलं होतं. पोरीच्या हातात वायरिंग द्यायला भितात, असंच मला वाटायचं. शनिवारी दुपारी ते जेवायला गेले आणि मी खुशाल बॉक्स उघडला. फ्यूज नव्हताच. जाड तार होती, तारेवर काळी टेप, आणि टेपवर पांढऱ्या दोऱ्याची गाठ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो म्हणून टेपवर दोरा बांधणारा मिस्त्री या पट्ट्यात एकच होऊन गेला.

काका परतले तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. तार समोर धरली. "काका, डबा याच्यानं जळला. हे माह्या बाबूजीचं काम हाय." मला वाटलं ते उखडतील, मी न विचारता उघडलं म्हणून. त्यांनी तार हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला. "हो. नवेगावच्या जंगलात फ्यूज उडला होता. त्यानं येऊन बांधून देल्ली. म्हने, हे दोन दिवसापुरतं हाय, गुरुवारी आन, मीच बरोबर करून देतो. बुधवारी तं तो गेला."

"मंग माह्याकडं काऊन नाई आनली?"

"तो म्हने, मीच करतो. त्याचा शबुद होता, बाई. त्याच्या हातचं कोनाले कसं उकलू देऊ?"

मला लाज वाटली, बाबूजी. बारा वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात डूख धरून होते. रागही आला, त्यांचा आणि तुमचाही, कारण असल्या मायेपायी नऊ पोरींची परीक्षा बुडाली असती. आणि तुमचा अभिमान वाटला, तो सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "बाबूजीचं रायलेलं काम आता होऊ द्या, काका." त्यांनी मान हलवली आणि तार खिशात घातली. मी नीट फ्यूज बसवला, व्हॉल्व्ह बदलला, मग डबा. संध्याकाळच्या आत जीप केशोरीला गेली. सोमवारी सकाळी ती आपल्या गॅरेजवरून गेली तेव्हा काकांनी हॉर्न वाजवला. मुलींपैकी एकीनंही वर पाहिलं नाही, सगळ्या पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. मला ते फार आवडलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळलेली मला खपणार नाही. शनिवारी ती गाठ दिसली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. आनंद झाला होता. मी बरोबर होते, तुम्ही चूक होतात, आणि पुरावा माझ्या हातात होता. गॅरेजात कोणी नव्हतं. मी मान वळवून, चांगली मोठ्यानं, हाक मारली, "बाबूजी, इकडं या, हे पाहा!" आणि तुम्ही येताय म्हणून थोडा वेळ थांबलेसुद्धा.