न आलेल्या पैशांचा पहिला हप्ता

५ जून
सरकारला माझं भविष्य हवं आहे. यंदा किती कमवाल ते आत्ताच सांगा, आणि त्या न कमावलेल्या पैशांवरचा कर हप्त्याहप्त्याने आगाऊ भरा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण कायद्यात कधी शिरली?

वर्तमानपत्रात पगारी होते तेव्हा कर कापूनच पैसे हातात यायचे. आता नोकरी सोडून घरी बसून विनोदी लेख विकते, तर न्हावीही मीच आणि डोकंही माझंच.

नणंद करसल्लागार आहे. रविवारी येणार. फी घेत नाही – टोमण्यांतून वसूल करते.

८ जून
आली. ‘‘वहिनी, तुमच्या त्या लिखाणाबिखाणातून यंदा साधारण किती?’’ विचारता विचारताच पेनाला टोपण लावलं. ‘‘तसं फारच कमी असेल तर आगाऊ भरायची भानगडच नाही म्हणा.’’

मी आकडा सांगितला. गेल्या वर्षीच्या तिप्पट. तोंडात कुठून आला, देव जाणे.

‘‘तिप्पट?’’

‘‘एक मोठं काम येतंय.’’ हेही देवच जाणे.

टोपण निघालं. नवरा टेबलाच्या डगमगत्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होता, त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो बोलत नाहीच. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसून अठरा वर्षं लोकांचा आरडाओरडा ऐकतोय. घरी फोन वाजला तरी दचकतो.

११ जून
काही कळत नाही. एक वर्ष कमाईचं, एक हिशेबाचं, एक कॅलेंडरचं. तिन्ही एकाच वेळी चालू आहेत आणि मी कुठल्यात आहे ते कोणी सांगत नाही. कमी भरलं तर व्याज लागतं. जास्त भरलं तर परत मिळतं, पण वर्ष सरल्यावर.

नणंदेला फोन केला. अंदाज खाली आणता येतो का?

‘‘येतो की. का हो, ते मोठं काम गेलं का?’’

‘‘छे, सहज विचारलं.’’

सुटकेचं दार सताड उघडं होतं. मीच आतून कडी लावली.

१२ जून
साप्ताहिकाच्या संपादकाला विचारलं, मानधन वाढेल का. तो पोट धरून हसला. माझ्या विनोदाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

१४ जून
हप्ता भरला. फ्रिजसाठी ठेवलेले पैसे गेले. जुना फ्रिज रात्रंदिवस कण्हतो, त्याच्याशी माझं आता जमेल.

मी पैसे भरताना नवरा खुर्चीमागे उभा होता.

‘‘त्याच आकड्यावर?’’

‘‘मग काय, दुसऱ्या कुठल्या?’’

‘‘पूर्ण भरलास?’’

‘‘पूर्ण.’’

मग न सांगता चहा करून आणला. याला काय झालंय?

१६ जून
नवरा शीळ घालतो! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ताच नाही.

१९ जून
आता त्याला सांगून टाकायला हवं. मोठं काम नाही, लहानही नाही. नणंदेसमोर नाक वर राहावं म्हणून खिशाला भोक पाडून घेतलं. लोकांच्या बढायांवर लेख लिहून पोट भरणारी बाई मी – स्वतःच्या बढाईवर कर भरून बसले. दुसऱ्या कोणी केलं असतं तर दोन लेख निघाले असते.

संध्याकाळी सांगणार होते. पण जेवताना तो दोनदा हसला. उद्या सांगते.

२० जून
नवरा भर दुपारी घरी आला. एका हातात डबा, काखेत तक्रारींच्या खिडकीतल्या खुर्चीवरची त्याची उशी.

‘‘राजीनामा दिला,’’ म्हणाला.

‘‘मला न विचारता? माझ्या भरवशावर?’’

‘‘तू नुसती बोलली असतीस तर नसता दिला. तुझ्या बोलण्यातलं निम्मं मी सोडूनच देतो.’’ चपला काढून नीट ओळीत लावल्या. ‘‘पण तू त्यावर कर भरलास. खोट्या आकड्यावर कोण कर भरतं?’’

मी तोंड उघडलं. त्याने उशी झटकली आणि माझ्या लिहायच्या खुर्चीवर ठेवली.