हातमोज्यांची चौकशी

वर्धा, रविवार

प्रिय नीलेश,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. आणि माझं अक्षर बघून हसूही नको. दहावीत तुझ्या नकाशात नद्यांची नावं घालून देणारं हेच ते अक्षर आहे, आणि त्यापायी बाईंनी वर्गात तुझी काढलेली खरडपट्टी तू अजून मला ऐकवतोस.

इथे ऊन तापायला लागलंय. कूलरच्या ताट्या बदलल्या, तरी दुपारी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये बसवत नाही. औषधांची खोकी गार ठेवायची आणि माणसांनी उकडून निघायचं, असा आमचा कारभार. आपल्या धाकट्या आचलची बारावीची परीक्षा झाली. पेपर कसे गेले म्हणून विचारलं की तोंड फिरवते, त्यावरून काय ते समज. गावी रोहण्याला तूर बरी झाली. आईनं यंदा कुरडया केल्या, पण अगदी थोड्या. बाबाच नाहीत तर खाणार कोण, असं म्हणाली. मी खाते की, म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी डबा पुन्हा फळीवर ठेवला.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील ताई गावभर फिरून येते. माझ्यासमोर दोन गोष्टी अडून बसल्या होत्या. एक म्हणजे तुमच्या कंपनीचे हातमोजे घ्यायचे की नाही यावरची माझी सही. दुसरी म्हणजे आई. दिवाळीआधी बाबा गेले, तू आला नाहीस, मडकं मी धरलं. पुंडलिककाका सगळ्यांसमोर बोलले, 'पोरगा असून पोरीले धरा लागलं.' त्या दिवसापासून आईनं तुझा एकही फोन उचललेला नाही. फोन वाजला की नुसती बघत बसते, बंद होईपर्यंत.

हातमोज्यांचं तुला माहीतच आहे, कारण ती कळ तूच लावलीस. राखीच्या दिवशी फोनवर फुशारकी मारलीस ना, आमचे हातमोजे जगभर जातात म्हणून? मी ते डोक्यात ठेवलं. आमच्या ट्रस्टचे चार दवाखाने मिळून यंदा माल थेट परदेशातून मागवायचं ठरलं, तेव्हा मी तुमच्या कंपनीचं नाव सुचवलं. आमचे साहेब वासुदेवराव यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझा भाऊ तिथेच आहे. मला वाटायचं, इथली एखादी नर्स बाळंतिणीजवळ जाताना हातमोजे चढवेल आणि ते माझ्या नीलेशच्या हातून आलेले असतील. वेडेपणाच, पण वाटायचं.

एक अट मात्र होती. दवाखान्याला देणगी देणारी परदेशातली संस्था म्हणते, माल घ्या, पण जिथून घ्याल तिथे कामगारांना माणसासारखं वागवतात याचं प्रमाणपत्र तपासून घ्या. ते काम आलं माझ्याकडे. तू मला ओळखतोस, भाजीवाल्याचा काटासुद्धा मी दोनदा बघते. प्रमाणपत्राचा नंबर ते देणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर टाकला. खरा निघाला. मुदत संपलेली नव्हती. कारखान्याचा पत्ता जुळला. मग संस्थेलाच मेल करून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी तपासणीचा सारांश आला. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक कामगाराचा पासपोर्ट त्याच्याचजवळ असतो, तपासणाऱ्याने तो स्वतः पाहिला. आणि घरी कोणी वारलं तर त्याच दिवशी रजा मिळते.

ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं रे. तुमच्या कंपनीवर नाही, तुझ्यावर! त्याच दिवशी रजा मिळते, पासपोर्ट खिशात असतो, आणि हा आम्हाला सांगतो की कामाची घाई आहे, सुट्टी घेतली तर बोनस जाईल! मागच्या शनिवारी रोहण्याला गेले ती धुसफुसतच. आई अंगणात डाळ पाखडत होती. मी सगळं तिला सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं. 'म्हंजे त्याले येता येत होतं,' एवढंच बोलली. त्या रात्री ती जेवली नाही. मी वर्ध्याला परत आले ती सही करायचीच असं ठरवून. भाऊ कसाही निघो, कंपनी तरी चांगली आहे, असं माझं मत झालं होतं.

सही करणार तेवढ्यात वासुदेवरावांनी सहज विचारलं, मोहिनीबाई, तुमच्या भावाला विचारलंत का? आणि मी चाटच पडले. साता समुद्रापलीकडच्या संस्थेला मेल केली, पण तुला विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तुला फोन लावला. तो फोन तुला आठवत असेल. तू माझ्याशी हिंदीत बोललास. "सब ठीक है दीदी, कंपनी बहुत अच्छी है." अरे, जन्मात कधी तू मला दीदी म्हटलंस? तापात बरळतानासुद्धा तुझ्या तोंडून वऱ्हाडीच निघते. मी फोन ठेवला आणि कागद खणात टाकला.

मग मला बाबा आठवले. गावात कोणाचीही सोयरीक जुळायची असली की चौकशीला त्यांनाच नेत, हे तू पाहिलंयस. काकांच्या सुरभीच्या वेळचं मात्र तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा लहान होतास. आर्वीकडचं स्थळ आलं होतं. पक्कं घर, ओलिताची शेती, माणसं गोड बोलणारी. काकू तर तिथेच सुपारी फोडायला निघाल्या होत्या. बाबांनी चहा घेतला, घराचं कौतुक केलं आणि उठले. घरी न येता ते शेजारच्या गावात गेले, त्या घरचं काम सोडून गेलेल्या कवडू नावाच्या सालगड्याला शोधत. तो म्हणाला, 'घर चांगलं हाये जी, पन म्या आजारी पडलो तं चपला लपवून ठेवत, घरी जाईन म्हनून.' बाबांनी परत येऊन नकार कळवला. काका चिडले, काकू रडल्या, बाबा मात्र हलले नाहीत. सुरभी आज हिंगणघाटला सुखात आहे.

म्हणून मी तुमच्या कारखान्यातून सुटून आलेला माणूस शोधला. नाचणगावचा नागसेन महिन्यापूर्वी परत आलाय, हे आचलला फेसबुकवर दिसलं. एसटीने पुलगाव, तिथून ऑटो, अशी भर उन्हात त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याच्या आईनं, शकुंतलाबाईंनी, पाणी दिलं, चहा दिला. पण मी नीलेशची बहीण म्हटल्यावर नागसेनची मान जी खाली गेली ती वर येईना. नीलेशनं शपथ घातलीय म्हणाला. मी म्हटलं, त्याच्या शपथा मी त्याच्या जन्मापासून ऐकते आहे, तू बोल.

मग तो बोलला. 'ताई, कागद खरेच हायेत. साहेब लोक येत तवा पासपोर्ट आमच्याच हातात राहे. संध्याकाळी ते गेले का मंग परत जमा.' म्हणजे तपासणाऱ्याने पाहिलं तेही खोटं नव्हतं, आणि मी तपासलं तेही. बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशी तू सकाळपासून ऑफिसच्या दारात बसून होतास, पगार ठेवून घ्या पण पासपोर्ट द्या म्हणत होतास, हे त्यानं सांगितलं. माल जहाजावर चढल्याशिवाय कोणालाच सोडता येत नाही, असं ऑफिसवाल्यांनी सांगितलं आणि तुला हाताला धरून उठवलं. आणि मग न्हाणीघरात नागसेननं तुझं डोकं भादरलं.

नीलेश, मी तिथे त्यांच्या ओसरीवर ढसाढसा रडले. शकुंतलाबाईंनी मला पोटाशी धरलं. दिवाळीभर तू व्हिडिओ कॉलवर टोपी घालून बसायचास, आणि मी काय म्हणायचे? परदेशी वारा लागला आमच्या हिरोला! तू हसून घ्यायचास. कसा हसलास रे तू?

आम्हाला खरं का सांगितलं नाही, तेही नागसेननं सांगितलं. तू त्याला म्हणाला होतास, 'माय रडत बसली तं जेवनार नाई. रागात राह्यली तं जेवते तरी.' तुझा राग येतो मला अजून, पण आता वेगळ्या कारणाने येतो.

सही मी केली नाही. वासुदेवरावांना तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. प्रमाणपत्र तर कायदेशीर आहे, मग नकाराचं कारण काय लिहायचं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तिथे राहून आलेल्या माणसाला विचारलं, असं लिहा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तसंच लिहिलं. तूर्त जुन्या नागपूरच्या व्यापाऱ्याकडूनच माल येईल. त्याचा माल कुठून येतो, तेही आता मी विचारणार आहे. परवा रोहण्याला जाऊन आईलाही सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'ज्यानं डोकं केलं त्या पोराले जेवाले बोलाव.' नागसेन काल येऊन जेवून गेला. आईनं त्याला आग्रह करकरून वाढलं आणि तू तिथे काय खातोस, कुठे झोपतोस, खोकला आहे का, हेच पुन्हा पुन्हा विचारलं.

आता हे कागदावर का, ते सांगते. तुमच्या खोलीत फोनवर कोण काय बोलतं ते मुकादमाच्या कानावर जातं, असं नागसेन म्हणाला. म्हणून पुलगावचा गोपाल, जो तिकडे हॉटेलात स्वयंपाकी आहे आणि सुट्टीवरून परत निघालाय, तो हे येत्या रविवारी तिकडच्या बाजारात तुझ्या हातात देईल. वाचून फाडून टाक. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला मी सगळं कळवू शकते, तक्रार कोणी केली ते सांगत नाहीत म्हणे. पण वर्ध्याहून तक्रार गेली तर तिथे वर्ध्याचा आता तू एकटाच आहेस, हे न कळण्याइतके ते दूधखुळे नाहीत. मार खायचा झाला तर तो तुला पडेल, मला नाही. म्हणून तू सांगितल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. लिहावं असं वाटत असेल तर फोनवर आचलच्या निकालाचं विचार, नको असेल तर तुरीचं विचार. काहीही विचारलंस तरी मी तुझ्या बाजूचीच आहे. फक्त तो फोन मला करू नकोस, आईच्या नंबरावर कर, मी तिथेच बसलेली असेन. तिनं तुला निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते: 'पासपोर्ट भेटन तवा येजो. पन फोन आजच करजो. मी उचलीन.'

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच,
मोहिनीताई