साडेपाचची बोट

जॉर्जटाउन, पिनांग
दि. ८ नोव्हेंबर १९७८

ती. तुआची हिस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या चि. बी लेंगला अनेक आशीर्वाद, आणि ताकीद की एकही ओळ गाळायची नाही.

मुलांच्या शाळेला सुट्टी लागते आहे. दोन्ही नातवंडांना घेऊन तू इकडे यायचं, हे मी आता विचारत नाही, कळवते आहे. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात आईने सुंगाई बाकापच्या बदकवाल्यांचं नाव घेतलं आणि मी बस धरून तुझ्या दारात येऊन उभी राहिले. सख्खी थोरली बहीण, माझी तुआची, जिवंत आहे आणि बोटीने पंधरा-वीस मिनिटं नि पुढे बसने तासाभरावर राहते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्यानंतर मी चार वेळा तुझ्याकडे आले, खारवलेली अंडी चापून खाल्ली. तू मात्र एकदाही नाही. माझ्या घरात काय वाघ आहे?

बेत पक्का केला आहे. सकाळी आधी टेकडीची गाडी. आमचे हे अजून त्याच गाडीवर नोकरीला आहेत, त्यामुळे पुढची काचेजवळची जागा आपली. वर थंडी असते, मुलांना स्वेटर आण. मग खाली उतरून आयर इतामला आंबट-तिखट लाक्सा, तिथूनच देवळातल्या कासवांना भाजी घालायला. मग बागेतली माकडं. मग सापांचं देऊळ, तिथे साप झाडाच्या फांद्यांवर खुशाल झोपलेले असतात आणि कुणाला काही करत नाहीत. मग माझं घर, खाली समुद्र आणि वर जेवण. मग संध्याकाळी किनाऱ्यावर बर्फाचे गोळे. लिहितानाच मला धाप लागली.

तर ये. काही कारण सांगू नकोस. बदकं एक दिवस तुझ्यावाचून पोहतील. चल, दोघी मिळून मस्त हवा खाऊन येऊ.

मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो या सुट्टीत इकडे घेऊन ये.

तुझी धाकटी,
सॉ लियन


सुंगाई बाकाप
दि. १५ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. सॉ लियन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमा सांगते आहे आणि मी, तिची नात बी लेंग, लिहिते आहे. आमा म्हणते की तुमचा बेत ऐकून तिचे गुडघे तिथल्या तिथे दुखायला लागले. टेकडी, कासवं, माकडं, साप आणि घर एका दिवसात उरकायला ती काय टपाल खात्यात आहे, असं विचारलं आहे. आता पुढे तिच्याच शब्दांत.

मुलांना पाठवते. कोक सियोंगने तर आताच स्वेटर घालून ठेवला आहे, घामाने भिजला तरी काढत नाही. पण मी येणार नाही. मी त्यांना बटरवर्थच्या धक्क्यापर्यंत आणून तुझ्या हाती देईन आणि तिथेच बसून राहीन. संध्याकाळी पाचच्या आत मुलं मला त्याच जागी परत मिळाली पाहिजेत. एवढी एकच अट.

राग मानू नकोस. तुझं पत्र फार गोड होतं, पण शेवटी जे लिहिलंस ते ऐकून मी बी लेंगला थांब म्हणाले आणि बदकांकडे जाऊन आले. आईने मला नेताना हेच शब्द वापरले होते. चल, हवा खाऊन येऊ. मी सात वर्षांची होते. नवा सदरा घातला होता, बोटीत मी इतकी नाचले की एका बाईने मला धरून बसवलं. धक्क्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात आईने मला बाकावर बसवलं, हातात लाल बर्फाचा गोळा दिला आणि म्हणाली, आलेच. गोळा विरघळून कोपरापर्यंत ओघळला तेव्हा मी उठून धक्क्यावर गेले. साडेपाचची बोट निघाली होती. आई तुला कडेवर घेऊन तिच्यात होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मग बदकवाल्यांनी माझा हात धरला.

त्यांनी मला चांगलं वागवलं. सून करून घ्यायचं म्हणूनच आणलं होतं आणि तसं केलंही. नवरा मायाळू मिळाला. मला कुणाची तक्रार नाही. पण त्या बोटीत मी पुन्हा पाय ठेवला नाही आणि त्या बाईला माफ करायचं माझ्याने होत नाही. आता गुडघ्यांवर ढकलण्यापेक्षा हे सांगून टाकलेलं बरं.

तुझ्यावर माझी माया आहे ती कमी समजू नकोस.

तुझी थोरली बहीण

ता. क. ही गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. लिहिताना शाई सांडली ती माझ्यामुळे. बी लेंग.


जॉर्जटाउन
दि. २० नोव्हेंबर १९७८

ती. तुआचीस,
शि. सा. न.

मी मूर्ख आहे. इथे कुणीही कुठेही निघालं की तेच शब्द बोलतं, मी दर रविवारी नातवंडांना तेच म्हणते. तुझ्यापुढे ते लिहिताना माझा हात थांबायला हवा होता. मला त्या दिवसाचं फक्त एवढंच आठवतं की मी आईच्या कडेवर होते, वारा सुटला होता आणि तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की बरगड्या दुखल्या. बाबा अंथरुणाला खिळलेले होते, घरात तांदूळ नव्हता, हे मी पुढे मोठेपणी ऐकलं. आईने तुझं नाव शेवटच्या दुखण्यापर्यंत कधी घेतलं नाही. का, ते तिलाच ठाऊक.

तिला माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू बघ. पण माझं ऐक. शनिवारी, २ डिसेंबरला, मी पहिल्या बोटीने बटरवर्थला येते. ते कॉफीचं दुकान अजून आहे, मालक बदलला एवढंच. मी त्याच बाकावर बसते. या वेळी वाट मी बघणार. तू दहाला ये, बाराला ये, नाही आलीस तर मी संध्याकाळपर्यंत कॉफी पिईन आणि घरी जाईन, पुन्हा कधी विषय काढणार नाही. आलीस तर हात सोडणार नाही. आणि संध्याकाळी मी स्वतः त्याच धक्क्यावर तुला परत आणून सोडीन, पाचच्या आत.

सापांचं देऊळ बेतातून काढलं आहे. बघ, मी ऐकते सुद्धा.

माया असू दे.

तुझी,
सॉ लियन


सुंगाई बाकाप
दि. ४ डिसेंबर १९७८

ती. पप्पांस,
बी लेंगचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही सिंगापूरला बसून फार मोठी गंमत घालवलीत. आमा पिनांगला जाऊन आली. हो, आपलीच आमा.

शुक्रवारपर्यंत ती नाहीच म्हणत होती. शनिवारी पहाटे उठून पाहिलं तर केस विंचरून, चांगला सदरा घालून, साठ खारवलेल्या अंड्यांची टोपली बांधून बसलेली. आईने विचारलं की पोरांना सोडायला जाताना एवढी अंडी कशाला, तर म्हणाली, रिकाम्या हाताने कुणी कुणाकडे जातं का. आम्ही साडेआठला पोचलो. सॉ लियन ईपो दुकानात होती आणि तिची चौथी कॉफी चालू होती. ईपोने टोपली घेतली आणि दुसऱ्या हाताने आमाचा हात धरला, तो बोटीत चढेपर्यंत धरला होता. वाटेत कोक सियोंगला शू लागली तेव्हासुद्धा सोडला नाही, तिघंही गेली.

बोटीत आमा मधल्या बाकावर डोळे मिटून बसली. आम्ही कठड्याशी जाऊन लाटा बघत होतो, तिला बोलावलं तर नको म्हणाली. बोट पलीकडे धक्क्याला धडकली तेव्हा तिने विचारलं, एवढंच अंतर? आणि मग तिला हसू फुटलं ते थांबेना.

त्यानंतर तिचे गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक. टेकडीच्या गाडीत ती सगळ्यात पुढे बसली आणि आजोबांना, म्हणजे ईपोच्या यजमानांना, ब्रेक नीट लागतात ना असं तीनदा विचारलं. अर्ध्या वाटेत गाडी बदलावी लागते, तिथे कोक सियोंगला वाटलं की संपलं, आणि तो रडायला बसला. वर इतकी थंडी! तोंडातून वाफ येते का ते बघायला मी खूप फुंकलं, आली नाही. वरून सगळी सामुद्रधुनी दिसते, बोटी मुंग्यांएवढ्या. आमा आजोबांना विचारून विचारून सुंगाई बाकाप शोधत होती. शेवटी एका हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाली, ती आपली बदकं. आजोबांनी हो म्हणून टाकलं.

कासवांच्या तळ्याशी तिने विकणाऱ्या बाईशी भांडण केलं, भाजी सुकलेली आहे म्हणून. मग स्वतः कोवळे शेंडे निवडून कासवांना घातले आणि जे अंगाने बारीक होतं त्याला जास्त. माकडाने कोक सियोंगची टोपी नेली. तो रडला नाही कारण माकडाने ती घातली. लाक्सा मी दोन वाट्या खाल्ला, आमाने तीन. हे आईला सांगू नका.

ईपोचं घर खांबांवर आहे. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं. कोक सियोंगची एक चप्पल खाली गेली, ती अजून पोहत असेल. जेवणाआधी सगळ्यांनी पणजीच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावली. आमा म्हणाली की तिला समुद्र बघायचा आहे, आणि बाहेर जाऊन उभी राहिली. ईपोने तिच्या हिश्शाची अगरबत्ती न पेटवता तशीच खोक्यात परत ठेवली. मग जेवताना सगळं पुन्हा छान झालं. किनाऱ्यावर बर्फाचे गोळे खाल्ले, आमाने नाही.

ईपो आम्हाला सोडायला बटरवर्थपर्यंत आली. पाचला पाच कमी होते. मग आमाची टोपली पुढच्या वेळी भरून देईन म्हणत ती काखेत मारून ईपो साडेपाचच्या बोटीने एकटी परत गेली. बस निघत होती तरी आमा धक्क्याच्या जाळीशी उभी राहिली, बोट पार जाईपर्यंत. आमची ती बस चुकली. घरी येईपर्यंत आमा डोळे मिटून बसली होती. दमली असेल.

पुढच्या सुट्टीत तुम्ही असायलाच हवं. मला सापांचं देऊळ बघायचं आहे.

तुमची लाडकी,
बी लेंग


जॉर्जटाउन
दि. ५ डिसेंबर १९७८

ती. तुआचीस,
शि. सा. न.

घर अजून तुझ्या आवाजाने भरलेलं आहे. अंडी वाटून संपली, शेजारणी विचारतात बहीण पुन्हा कधी येणार. हे तर टेकडीवर सगळ्यांना सांगत सुटले आहेत की मेहुणीबाईंनी त्यांच्या ब्रेकची परीक्षा घेतली.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, विचारून टाकते. परतीच्या बोटीत मी मागच्या कठड्याशी उभी होते. सगळा वेळ हात हलवत होते, अजून खांदा दुखतो. तुझ्यावर ऊन आलं होतं, तू अगदी स्वच्छ दिसत होतीस, सदऱ्याची बटणं मोजावीत इतकी, आणि नंतर दाण्याएवढी झालीस तरी ओळखू येत होतीस. पण तू एकदाही हात हलवला नाहीस. खांबासारखी उभी. अगरबत्तीसाठी मी मनात काही धरलेलं नाही, तुझी शपथ. की दुसरंच काही चुकलं माझं?

उत्तराची वाट बघते. लोभ तुटू देऊ नकोस.

सॉ लियन


सुंगाई बाकाप
दि. १२ डिसेंबर १९७८

चि. सौ. सॉ लियन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. खांद्याला तेल लाव.

तुझं पत्र बी लेंगकडून मी तीनदा वाचून घेतलं. पोरगी म्हणाली, आमा, आता मला पाठ झालं. सांगते ते नीट ऐक.

तू हात हलवत होतीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला दिसलंच नाही. साडेपाचला सूर्य तुमच्या बेटावर उतरलेला असतो, बोट थेट त्याच्या तोंडात शिरते. धक्क्यावरून बघणाऱ्याला नुसती चकाकी आणि कठड्याशी काळ्या काळ्या आकृत्या. त्यातली तू कोणती तेवढं मी टोपलीवरून ओळखलं. पण तुझं तोंड माझ्याकडे आहे की पाठ, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी डोळ्यांवर हात धरला, बाजूला सरकून पाहिलं, बी लेंगला विचारलं. तिलाही कळेना. म्हणून मी खांबासारखी उभी होते. तू वळून बघितलं नाहीस असंच मला वाटलं, आईसारखंच.

आणि तू लिहितेस की सगळा वेळ माझ्याकडेच बघत होतीस.

सॉ लियन, पन्नास वर्षं मी जे डोळ्यांनी पाहिलं म्हणून शपथेवर सांगत आले, ते मी पाहिलेलंच नव्हतं. तीच बोट, तोच धक्का, तेच ऊन. आई वळली होती की नव्हती ते मला दिसूच शकत नव्हतं. तिला मात्र मी दिसत असणार. नव्या सदऱ्यातली, कोपरापर्यंत लाल झालेली. तू लिहिलं होतंस की तिने तुला बरगड्या दुखेपर्यंत धरलं होतं. ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. परवा पत्र ऐकताना एकदम आठवलं आणि मी बदकांसमोर मोठ्याने रडले. बदकं पळाली.

तिने केलं ते बरं केलं असं अजूनही म्हणत नाही. पण मला तिचा राग धरता येईनासा झाला आहे. दोन दिवस धरून पाहिला, राहत नाही.

तर आता माझा बेत ऐक. चिंगमिंगच्या सणाला मी येणार, आईचं थडगं झाडायला. खोक्यातली ती अगरबत्ती तशीच ठेव, दुसरी नको. साप बघायचे आहेत, बी लेंगने डोकं खाल्लं आहे. बर्फाचा गोळाही खाऊन बघेन म्हणते, पण लाल नको, हिरवा. आणि पाचच्या आत परत यायची अट रद्द, चार दिवस राहणार आहे, फळ्यांची भोकं बुजवून घे.

फक्त या वेळी सकाळी येणार नाही. साडेपाचच्या बोटीने येणार, आणि मधल्या बाकावर नाही, मागच्या कठड्याशी उभी राहणार. सूनबाईला सांगितलं आहे, कोक सियोंगला घेऊन धक्क्यावर थांब, बोट निघाली तरी हलू नका. आईला मी कुठपर्यंत दिसत होते, ते मला बघायचं आहे.

माया आहे, आता तिकडच्या दोघींवर.

तुझी थोरली बहीण