गार पाण्याची काडीमोड

तळेघर, शुक्रवार

आदरणीय रत्नाताईंना सुजाताचा सप्रेम जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत तेल लावता की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? आईंचा खोकला थांबला का? आणि तुमचे धाकटे बंधू (म्हणजे आमचे हे) वेळेवर जेवतात का, की नारायणगावच्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करता करता वडापाववरच भागवतात? मी इथे ठीक आहे. ठीक म्हणजे ताप, सर्दी काही नाही. बाकी ज्याला ठीक म्हणावं असं काही शिल्लक राहिलेलं नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. फोन केला असता, पण इथे रेंज फक्त शाळेमागच्या जांभळाखाली येते आणि तिथे ठकूबाईंच्या शेळ्या बांधलेल्या असतात. (ठकूबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवतात त्या.) शिवाय फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवून उपाय सांगता. पत्रात मला शेवटपर्यंत रडता येतं.

बदली मागायची मुदत रविवारी संपते हे तुम्हाला माहीत आहे. वारूळवाडीच्या आपल्या घरून चालत जाता येईल अशा शाळेत जागा आहे हे तर तुमच्यामुळेच मला कळलं. तुम्ही दोघं भावंडं गेला महिनाभर विचारताय की मी काय ठरवलं. खरं सांगायचं तर मी ठरवायचं काम एका पोरीवर सोडलं होतं. अक्षदा नावाची तिसरीतली मुलगी आहे. आईवडील वर्षातला बराच काळ खाली टोमॅटोच्या कामावर, म्हणून आजी सरूबाईंनी आणि अश्विनी नावाच्या आत्याने तिला वाढवलं. वैशाखात आत्याचं लग्न झालं, ती पेठला सासरी गेली, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून ही पोरगी शाळेत एक शब्द बोललेली नाही. लिहिते नीट. हाक मारली की बघते. बोलत नाही. मी मनाशी म्हटलं, ही बोलली तर मी इथे काही उपयोगाची आहे, राहायचं. नाही बोलली तर खाली यायचं आणि ज्यांना बोलायला सांगावं लागत नाही अशी मुलं शिकवायची. हे कुणाला सांगितलं नव्हतं. यांना तर मुळीच नाही.

आणि तिला बोलतं करायला माझ्यापाशी होतं काय, तर तुमची खेळांची पिशवी. निवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, यात व्याकरण आहे पण मुलांना कळत नाही. ताई, अगदी खरं आहे. मुलांना कळलेलंच नाही.

सुरुवात शब्दांच्या भेंड्यांनी केली. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. छान चाललं होतं, तोवर स्वराज नावाच्या चौथीतल्या पोराने ‘जांभूळ’ म्हटलं आणि समोरचा गट गप्प झाला. ‘ळ’वरून शब्द सुरू होत नाही हा शोध पोरांना त्या क्षणी लागला, आणि त्यानंतर वर्गात दुसऱ्या कुठल्याच अक्षराने संपणारा शब्द कुणी उच्चारला नाही. तांदूळ, बाभूळ, वारूळ, धुरळ. (‘धुरळा’ आहे म्हटलं तर म्हणे आमच्यात असंच म्हणतात.) प्रत्येक डाव पहिल्याच शब्दाला संपू लागला. मी मुलांना शब्दसंपत्ती द्यायला गेले आणि मुलांनी त्यातून फक्त एक हत्यार उचललं.

मग क्रियापदांच्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठीवर जे असेल ते करून दाखवायचं, हे तुमचंच. ‘नाच’ आलेला नाचला, ‘झोप’ आलेली झोपली आणि खिचडी शिजेपर्यंत उठली नाही. ‘लप’ आलेला दुपारी सापडला, नाचणीच्या काडाच्या गंजीत, आणि शोधायला एवढा वेळ लावला म्हणून तोच माझ्यावर रागावला होता. अमृतला ‘जा’ आलं. अमृत गेला. आधी घरी, आणि घरून मामाच्या गावाला. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, “बाईंनीच लिहून दिलंय म्हनला, जा म्हनून.” ‘ये’ची चिठ्ठी कशी पोहोचवायची या विचारात मी आठवडा काढला, तो अजून तिकडेच आहे. अक्षदाला ‘बोल’ येईल अशी मी व्यवस्था केली होती (तुमच्या शिकवणीत लबाडी बसत नाही, माहीत आहे). तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. जशी कुणी चुकून हातात आलेली दुसऱ्याची वस्तू परत करतं.

तरीही मी थांबले नाही, हीच माझी चूक. तुमच्या पिशवीत विशेषणांच्या जोड्या आहेत ना, नामाला शोभेल ते विशेषण शोधा. मार्गशीर्ष सुरू होता, रोज कुठल्या ना कुठल्या वाडीतून डीजे ऐकू येत होता, पोरांच्या डोक्यात लग्नाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं, जोड्यांचं लग्नच लावू. नामाचं कार्ड एकाच्या गळ्यात, विशेषणाचं दुसऱ्याच्या, मध्ये माझी ओढणी अंतरपाट म्हणून, आणि जोडी जमली की वर्गाने ते शब्द घालून वाक्य म्हणायचं. आपल्याकडचं लग्न कसं असतं, पांढरी साडी, त्रिशरण, पंचशील, हार, की माणसं जेवायला मोकळी. अंतरपाटाच्या आधी आणि नंतर काय काय असतं याची मला कल्पना असायला हवी होती, वाडीतली इतकी लग्नं मी जेवले आहे. पण मी जेवणाच्याच वेळी पोहोचते.

हळद लागल्याशिवाय लग्न नाही, असं पोरांनी सांगितलं. हळद लागली, आणि त्यात कार्डांवरची निम्मी अक्षरं दिसेनाशी झाली. ठकूबाईंनी अक्षतांना खिचडीचा तांदूळ द्यायला साफ नकार दिला (“सरकारी तांदूळ डोईवर टाकायचा नसतो, पोटात टाकायचा असतो”), म्हणून भाताचं तूस आणलं, ते आठवडाभर माझ्या केसांतून निघत होतं. ‘उंच’ ऐन वेळी रुसला, मानाची पेन्सिल मिळाल्यावर उभा राहिला. ‘डोंगर’ स्वराजच्या गळ्यात होतं आणि नाम म्हणजे नवरी हे कळल्यावर तो जो चिडला तो अजून चिडलेलाच आहे. नवरीमागे मामा उभा हवा, तर पाण्याचा मामा कोण यावर अर्धा तास गेला. नदी ही आई, मग नदीचा भाऊ तो मामा, म्हणजे ओढा. ताई, त्या अर्ध्या तासात मला, खरं सांगते, फार बरं वाटलं होतं. तेवढाच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, गाळलेली जागा भरा, ‘चहासाठी आईने ___ पाणी केले.’ सगळ्यांनी ‘गार’ लिहिलं. गरम का नाही म्हटलं तर स्वराज म्हणाला, “बाई, पान्याचं गारशी लगीन झालंय. आता गरमसंग कसं बसवायचं?” वर्गात कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. झाड हिरवं, म्हणून ते उंच असू शकत नव्हतं. उंच फक्त डोंगर. मी समजावलं की बाळांनो, एका शब्दाला कितीही विशेषणं चालतात, आज हे, उद्या ते. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की हे वाक्य चार वाजता घरोघर जाणार आहे.

सकाळी अक्षदाची आजी, सरूबाई, दारात. डोक्यावर गवताचा भारा तसाच. म्हणाल्या, “बाई, पोरींना काय शिकिवता ह्ये? एका पान्याला दोन दोन नवरं?” मी म्हटलं, सरूबाई, शब्दांचं चाललंय. त्या म्हणाल्या, “शब्दांचं का असंना. सवय लागती.” मग त्यांनाच माझी दया आली. भारा खाली ठेवून म्हणाल्या, “पयल्याची रीतीनं काडीमोड करा, मंग दुसऱ्याशी पाट लावा. आमी कुठं न्हाई म्हंतोय?” आणि भारा पुन्हा डोक्यावर घेऊन निघून गेल्या.

तेव्हापासून आमच्या वर्गात विशेषण बदलायचं असेल तर आधी पोरांनीच नेमलेल्या पंचांसमोर काडी मोडली जाते. पाण्याने गारशी काडी मोडली, गरमशी पाट लावला. चहा झाल्यावर पुन्हा काडी. काड्या ठकूबाईंच्या खराट्यातून येतात. त्या म्हणाल्या, “बाई, अजून दोन धडं शिकिवलं तर मला हातानं झाडावं लागंल.”

आणि काल केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी विचारलं, पाणी कसं असतं? वर्ग म्हणाला, गार. आणखी कसं असतं? यावर सगळ्यांनी खिशातून काड्या काढल्या, एकदम कडाड असा आवाज झाला, आणि वर्ग म्हणाला, गरम. साहेब दचकले. हे काय, म्हणाले. स्वराज उठून अदबीने म्हणाला, “काय न्हाई साहेब, पयल्याला मोकळं केलं.” साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

मग त्यांचं लक्ष अक्षदाकडे गेलं. तिच्या गळ्यात ‘शाळा’ होतं. ‘शाळा’चं लग्न राहिलेलंच होतं, कारण तिचा नवरा ‘नवी’ हा चिठ्ठ्यांच्याच दिवशी पिशवीतून अमृतच्या खिशात शिरून मामाच्या गावाला गेलेला. पण अक्षदा ते कार्ड रोज घालून बसायची. साहेबांनी प्रेमानेच विचारलं, बाळ, शाळा कशी? ती उभी राहिली. ताई, तिचे ओठ हलले. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. साहेबांनी शेरा लिहिला: मुले उत्तर देण्यापूर्वी काड्या मोडतात, कारण समजले नाही, एक मुलगी बोलत नाही, कारण समजले नाही.

मलाही समजलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाले, वीस वर्षं शिकवते आहे, आणि एका पोरीच्या तोंडून एक शब्द काढता आला नाही. साहेब गेल्यावर जांभळाखाली जाऊन उभी राहिले, यांना फोन लावून सांगायला की मी खाली येते. रेंज होती. शेळ्याही नव्हत्या. तरी लावला नाही, कारण आवाज फुटला नसता. तेव्हा तुम्हीच सांगा त्यांना. तुमची पिशवी येताना घेऊन येईन. खेळ चांगले आहेत, मीच त्यांना पुरी पडले नाही.

आईंना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावा.

तुमची भावजय,
सुजाता

ता. क. शनिवार दुपार. काल शेवटची एसटी चुकली म्हणून पत्र पर्समध्येच राहिलं. सकाळी अमृत उगवला, खिशात ‘नवी’ तसंच. पोरांनी लगेच शाळेचं लग्न काढलं. हळद आली, तूस आलं, दोघांनी ओढणी धरली. वर्ग ‘सावधान’पर्यंत आला आणि अक्षदाने ओढणी खाली ओढली. म्हणाली, “शाळेचं लगीन नका लावू. ती सासरी जाईल.” ताई, कुणी हसलं नाही. स्वराजनेच ओढणीची घडी करून माझ्याकडे दिली. मग ती मला म्हणाली, “तुमी बी जानार हाये ना बाई? आजी म्हनत व्हती.” मी खडू शोधायला म्हणून कपाटाकडे गेले आणि बराच वेळ तिथेच होते. परत आले तर ती बोलतच होती. कोण तिच्या पाटीवर बसलं, अमृतच्या मामाकडे किती कोंबड्या, खिचडीत मीठ कमी. शाळा सुटेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं.

ता. क. दुसरा. एसटीने एक खराटा पाठवा. तिथला मजबूत असतो. ठकूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

ता. क. तिसरा. वर लिहिलेलं यांना सांगू नका. सांगायचं ते इतकंच की मी बदली मागितलेली नाही, आणि उद्या मुदत संपेपर्यंत मी जांभळाखाली फिरकणार नाही. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत, म्हणून हे तुमच्यावर टाकते. जेवण झाल्यावर सांगा, आधी नको. आणि त्यांचा चेहरा पडला तर म्हणावं, बायकोने काडी मोडलेली नाही. होत्या तेवढ्या सगळ्या वर्गात लागल्या.