मागच्या सीटला ब्रेक नसतो

सोमवार, १३ मार्च
दुपार, भांडी घासून झाल्यावर

प्रिय वन्सं,

(वाचून नाक मुरडलंस ना? मुरड. तेवढ्यासाठीच 'वन्सं' लिहिलंय.)

अनेक आशीर्वाद आणि एक चापटी. आम्ही इकडे मजेत आहोत, तूही तिकडे मजेत असशील, असं लिहायची पद्धत आहे. पण तू मजेत नाहीस, गाल फुगवून बसली आहेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. हात कसा आहे? प्लास्टर निघालं का? खाज सुटली म्हणून आत विणायची सुई घालू नकोस. तू घालशील, म्हणून सांगतेय.

तू फोन उचलत नाहीस. भावाचा तर नाहीच, पण माझाही नाही! चूक त्याची आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय गं? म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र आलं की तू ते फोडणारच. तुझ्याइतकी चौकस बाई मी अजून पाहिलेली नाही.

तुझ्या रागाचं कारण मला माहीत आहे. मोडलेल्या हाताचा, प्लास्टरचा फोटो तू दादाला पाठवलास आणि त्याने उत्तर पाठवलं, "छान! नवीन घेतलंस का? शोभतंय तुला." मी तुझ्या जागी असते तर मीही अबोला धरला असता. त्या 'छान'बद्दल या पत्रात येणार आहे, पण जरा दम धर. आधी कालची गंमत ऐक.

काल आम्ही घाटातली सायकल शर्यत बघायला गेलो होतो. म्हणजे नुसती बघायला नाही. खरे शर्यतवाले, ते काटकुळे, चकचकीत पायांचे लोक, दुपारी येतात. त्याआधी सकाळी तोच शेवटचा चढ आमच्यासारख्या हौशी मंडळींना मोकळा करून देतात. पोटं सुटलेले, गुडघे कुरकुरणारे, सगळे चालतात. नियम एकच. सगळ्यांच्या मागून एक बस येते. रस्ता झाडत आल्यासारखी येते, म्हणून तिचं नाव झाडूगाडी. तिने गाठलं की मुकाट्याने उतरायचं, सायकल टपावर, आपण आत खिडकीपाशी. आणि मग सगळा घाट आपल्याकडे बघून टाळ्या वाजवतो, त्या टाळ्या फार लागतात.

आता बघ, बसस्टँडवर माइकसमोर बसून 'गाडी उशिरा येत आहे' असं लोकांना सांगण्यात माझी उमर गेली. एखादी बस उशिरा यावी म्हणून मी स्वतः देवाला हात जोडेन असं कधी वाटलं नव्हतं.

कारण तुझ्या दादाने आदल्या दिवशी जाहीर करून टाकलं होतं, "झाडूगाडीत बसावं लागलं, तर सायकल विकायची. परत विषय काढायचा नाही." कुठली सायकल, ते सांगायला नकोच. आमची जोडसायकल. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू. तुझा दादा पुढे, मी मागे, आणि कितीही चढ असला तरी त्याचं एकच उत्तर, "आलंच!" मी विचारायचे, किती राहिलं? "आलंच." डोंगर अजून अख्खा समोर उभा असायचा. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या घाबरट बायकांनाही तो हेच सांगायचा म्हणे. ड्रायव्हिंग स्कूल आता बंद आहे. तुला जागेचं कारण सांगितलं होतं ना? हं.

तर सायकल विकायची म्हणाला. वन्सं, मला धस्स झालं. गेल्या पावसाळ्यापासून तो घराबाहेर पडायचाच बंद झालाय. खुर्ची आणि रेडिओ, रेडिओ आणि खुर्ची. मित्र आले तर झोपल्याचं सोंग. चिडचिड तर विचारू नकोस. वरणात मीठ कमी, खिडकी उघडी का, पडदा बंद का. ती सायकल म्हणजे त्याला दाराबाहेर काढायची माझ्याकडची शेवटची युक्ती होती. ती गेली की संपलं. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, पण अट माझीही आहे. पुढे मी बसणार.

सुरुवातीच्या रेघेपाशी आमचे दाताचे डॉक्टर भेटले. तेच, तंग चड्डीतले. मला पुढे बघून म्हणाले, "अरे वा वहिनी, आज चालक बदलला?"

"लायसन्सची ट्रायल घेतोय तिची," तुझा दादा मागून म्हणाला. "नापास होणार आहे."

झालं, सुटलो. पहिल्या वळणापर्यंत सगळं गोडीगुलाबीत. मी आपली माइकवरच्या आवाजात सांगत होते, "उजवीकडे वळण येत आहे. चढ वाढत आहे. डाव्या बाजूला खड्डा आहे, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." आजूबाजूचे सायकलवाले हसून बेजार. एकजण तर म्हणाला, बाई, आमच्यासोबतच राहा, आम्हालाही कळतंय.

मग याच्यातला मास्तर जागा झाला. "गिअर उतरव. अगं, आधी उतरवायचा! हँडल एवढं घट्ट धरू नकोस. श्वास घे. गिअर!" त्यात आणखी एक गंमत. स्कूलच्या गाडीत त्याच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा ना? त्याची सवय इतकी मुरलेली, की जरा उतार आला, समोर कुणी आडवं आलंय असं मी ओरडले, की तो मागे पाय दाबतो. मोटारीत ठीक आहे. सायकलवर पाय असा मध्येच रोखला की माझेही पॅडल अडतात, आणि दोघं एकदम लटपटतो. जोडसायकलच्या मागच्या सीटला ब्रेक नसतो, हे त्याला कितीदा सांगितलं! पण पायाला कुठले कान?

चौथ्यांदा का पाचव्यांदा पाय दाबला आणि माझं डोकं फिरलं. ओरडले, "एवढंच असेल तर बस की पुढे! चालव तूच!"

वन्सं, शब्द तोंडातून गेला आणि जीभ चावली. मला वाटलं आता पाय टेकवणार, म्हणणार, चल घरी. पण नाही. पॅडल फिरत राहिले. उलट मागून जोर वाढला. खूप वेळाने नुसतं एवढंच आलं, "किती राहिलं?"

मी म्हटलं, "आलंच."

"माझीच थाप मलाच मारतेस होय?" आणि हसला. कितीतरी दिवसांनी हसला गं.

त्यानंतर आम्ही दोघं नेटाने चढत राहिलो. ऊन चढलेलं, डांबर पांढरं झालेलं, घाम डोळ्यांत. दाताचे डॉक्टर उतरून सायकल ढकलत होते, त्यांना मागे टाकलं. मागे झाडूगाडीची घरघर ऐकू यायला लागली होती. आणि मग वळणावरून बघते तर काय, समोर ही मोठी फुगवलेली कमान! दोन्ही बाजूंना माणसं, घंटा, शिट्ट्या. मी ओरडले, "आलं! कमान आली! खरंच आलं!" कमानीखालून गेलो, मी ब्रेक लावला, उतरले, दोन्ही हात वर केले. याला मिठी मारली, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. त्यानेही मारली. मी रडतेय, हा हसतोय. बाकीचे सायकलवाले मात्र आम्हाला वळसा घालून पुढेच चाललेत. मला वाटलं, काय मूर्ख लोक आहेत, शर्यत संपली तरी थांबत नाहीत.

तेवढ्यात हा एकदम मिठीतून सुटला. म्हणाला, "थांब. कमान कुठल्या रंगाची आहे?"

"लाल."

"लालभडक?"

"हो, लालभडक. का?"

"अगं बये! लाल कमान शेवटची नसते! लाल म्हणजे एक किलोमीटर राहिला! रेडिओवर शंभर वेळा ऐकलंय. चढ, चढ वर!"

आता तू म्हणशील, भलीमोठी लाल कमान डोक्यावर उभी, आणि दादा तिचा रंग बायकोला विचारतो?

हो वन्सं. विचारतो. तेच तुला सांगायचं होतं आणि तेच सांगायला मी इतकी पानं फिरतेय. तुझ्या दादाला दिसत नाही. अगदी मिट्ट अंधार नाही, कडेकडेचं थोडं कळतं, पण मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. उन्हात तर काहीच नाही. चष्म्याने सुधारणारं नाही. "किती राहिलं?" असं त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते बिचारे कागदच चाळत राहिले. म्हणून स्कूल बंद झालं. आणि तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली मला. "तिला मी सायकल शिकवली, तिच्यापुढे चाचपडत उभा राहू?" असं म्हणाला.

तू फोटो पाठवतेस ना, नव्या पडद्यांचे, कुंडीतल्या रोपाचे, तुझ्या त्या लठ्ठ मांजराचे? तो फोन नाकाशी धरतो, हलवतो, आणि मला न विचारता सगळ्यांना 'छान' लिहून टाकतो. कधीतरी पकडला जाणारच होता. प्लास्टर त्याला नवा ड्रेस वाटला गं. तू बोलायची बंद झालीस, तेव्हा कारण मी सांगितलं त्याला. त्या दिवशी तो जेवला नाही.

बरं, डोळे पूस आणि घाटावर परत ये. आम्ही अजून लाल कमानीखालीच उभे आहोत.

चढावर जोडसायकल परत सुरू करणं म्हणजे दोघांनी एकाच क्षणी पाय मारणं, नाहीतर दोघं आडवे. मागे वळून बघितलं तर झाडूगाडी वळणावर. आणि चालक कोण, तर आमच्याच स्टँडवरचा! खिडकीतून डोकं काढून मलाच म्हणतो, "बाई, गाडी लागली आहे. बसून घ्या."

"ही गाडी उशिरा सुटेल!" मी ओरडले.

आणि खरंच उशीर झाला. तिच्या वाटेत दाताचे डॉक्टर आले. त्यांनी बसच्या दारात उभं राहून असा वाद घातला, की सायकल टपावर आडवी नको, उभीच ठेवा, रंग खरवडेल, दोरी ही नको, ती आणा. स्वतःच्या खुर्चीत कुणाला चकार शब्द बोलू देत नाहीत, काल मात्र अख्ख्या घाटाला ऐकवलं. नंतर मला म्हणाले, "तुमच्यासाठी नव्हे हो, रंगासाठीच." खरं काय, देव जाणे.

"मी 'हं' म्हटलं की," तुझा दादा म्हणाला. "हं!"

आणि निघालो. शेवटचा तो किलोमीटर मी काय काय ओरडले मला आठवत नाही. खड्डे सांगितले, वळणं सांगितली, माणसं, झेंडे, एक कुत्रं सांगितलं. मागे बसचा हॉर्न. माझ्या मांड्या जळत होत्या, पण मागून असा एकसारखा जोर येत होता, की मी थांबायचं म्हटलं तरी थांबता आलं नसतं. पुन्हा कमान दिसली.

"रंग?" मागून आलं.

"पांढरा! आणि 'समाप्ती' लिहिलंय, वाचूनच सांगतेय!"

पोचलो वन्सं. बसच्या आधी पोचलो. आमच्या मागून दाताचे डॉक्टर खिडकीतून हात हलवत आले.

तो कठड्याला टेकून बराच वेळ धापा टाकत होता. मग म्हणाला, "एक कळलं का तुला? लाल कमानीनंतर मी एकदाही पाय दाबला नाही."

मला कळलं होतं. मी त्याचा घाम पुसला.

दुपारी खरे शर्यतवाले आले. मी सांगायला लागले, तर म्हणाला, "गप्प. ऐकू दे." आधी मोटारसायकली, मग आरडाओरडा, मग साखळ्यांचा तो सरसर आवाज, आणि तोंडावर वाऱ्याचा झपाटा. संपलं. "कोण होतं पुढे?" त्याने विचारलं. मी काय सांगणार, कपाळ! रंगीबेरंगी काहीतरी झरकन गेलं, एवढंच. तसं सांगितलं तर म्हणाला, "मग मला दिसलं तेवढंच तुला दिसलं," आणि खदखदून हसला. शेजारचे वळून बघायला लागले.

परत येताना म्हणाला, "तिला सांग." मग म्हणाला, "नको, मीच सांगतो." मग म्हणाला, "तूच लिही, मी ऐकतो." तर हे सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखवलंय. मिठीचं खोडायला सांगत होता. खोडलेलं नाही.

आता तू ये. हात बरा झाला की लगेच ये. सायकल विकायची नाही, तेल घालून दारात उभी आहे. तू पुढे बस, तो मागून गिअर गिअर करेल, चार शिव्या दे. आणि कीव करायला येणार असशील तर येऊ नकोस, भांडायला ये. ज्या दिवशी येशील, त्या दिवशी त्याला मी स्टँडवर माझ्या खोलीत बसवीन. तो दर पाच मिनिटांनी विचारेल, आली का गाडी? आणि मी माइकवरून सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं सांगीन, आलीच.

तुझी,
पुढच्या सीटवरची वहिनी

ता. क. खालची ओळ त्याने स्वतः लिहिलीय. अक्षरं चढावर गेलीत, सांभाळून घे.

प्लास्टर अजिबात शोभत नाही. काढ ते आणि ये. – दादा