नशिबाची काच

२ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो! ३–१! मागच्या हंगामात झाडून सगळे सामने हरलेली आमची फुटबॉल टीम ‘ठिणगी’ पहिलाच सामना जिंकली — तोही डोंबिवलीच्या संघाशी, ज्यांचे मोजेसुद्धा आमच्या जर्सीपेक्षा भारी होते. तिन्ही गोल प्राचीचे. वीस वर्षांची काडी, पण चेंडू पायात आला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. गोलमध्ये मी. एकच सोडला, तोही सान्वीच्या ढुंगणाला लागून आत गेला. सान्वी म्हणे, "कॅप्टन, तो नको ना मोजू!" कोच ऋतुराज आमच्यापेक्षा जास्त रडला.

आई विचारते, "खांदे कशाने गं एवढे रुंद झाले तुझे?" दिवा स्टेशनजवळ राहायचं, आठवड्यातून चार दिवस पाण्याचे कॅन चौथ्या मजल्यावर चढवायचे, आणि वर हे विचारायचं!

एक गोष्ट लिहून ठेवते. वॉर्मअपला गोलमागच्या खांबाला पाठ टेकली, तर काहीतरी टोचलं. वळून बघितलं — चीर. कमरेपासून खांद्यापर्यंत, तिरकी. मागच्या वर्षी नव्हती.

मागच्या वर्षी मधला खांबही होता.

४ नोव्हेंबर

डोक्यातून जात नाही. आम्ही खेळतो ती वागळे इस्टेटमधली शेड नाथाशेठची, पूर्वीचा कारखाना. मे महिन्यात शेठने कोर्ट मोकळं व्हावं म्हणून मधोमधचा खांब काढला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! नऊ वर्षं फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या जोडतेय मी, आणि टाळ्या वाजवल्या. अख्ख्या छपराचं वजन आता कडेच्या खांबांवर.

जेवणाच्या सुट्टीत त्र्यंबककाकांना सांगितलं. ते आमचे जुने सुपरवायझर, सगळं काम त्यांनीच शिकवलंय मला. जेवता जेवताच म्हणाले, "चिरेवर काच लाव. पातळ पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची, वर तारीख घालायची. चीर हलली की काच तुटते. माणूस खोटं बोलेल, काच नाही बोलणार."

"आणि तुटली तर?"

"तर त्या छपराखाली उभं राहायचं नाही. मॅच असो नाहीतर लग्न असो."

५ नोव्हेंबर

लावली. खोपटच्या फ्रेमवाल्याकडून पट्टी कापून आणली. मार्करने तारीख घातली. उरलेलं प्लास्टर गोलमागच्या कपाटात ठेवलं.

नाथाशेठना चीर दाखवली. हसले. "काय नाय होवाचा गो पोरी! चालीस वरसां उभा हाय यो शेड, माझे बापानं बांधलाय." मग जरा गंभीर होऊन — "मे महिन्यात बघू. आता बंद केला तं तुमचाच हंगाम जाईल."

खरंय ते. घरचं कोर्ट नसेल तर लीगमधून नाव कट, असा नियमच आहे. म्हणजे मी तोंड उघडलं की ठिणगी विझली.

काच आहे ना. काच सांगेल.

९ नोव्हेंबर, रविवार

४–२! पण आज मी एक खोटं बोलले.

सामन्याआधी काच बघायला गेले, बोट फिरवलं, तेवढ्यात मागे प्राची. "ही काय गं ताई?" आता काय सांगू? छप्पर पडतंय का ते बघतेय, तू जा, गोल मार? म्हटलं, "नशिबाची काच आहे. गोलकीपरचं गुपित. हात लाव."

तिने लावला. मग सान्वीने. मग सगळ्यांनी रांग लावून. शेवटी सगुणाबाईंनी हात लावून कपाळाला टेकवला. त्या शेड झाडतात, आम्हाला चहा करून देतात आणि आमचा एकही सामना चुकवत नाहीत. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळतं की चेंडू माझ्या मागे जायला नको.

जिंकल्यावर सगळ्या ओरडत काचेकडेच धावल्या. ऋतुराज म्हणाला, "आता कुणी हलवायची नाही ती!"

हसू आलं. थोडं कसंतरी पण वाटलं.

१६ नोव्हेंबर

५–२. काच अखंड.

२३ नोव्हेंबर, रविवार

कल्याणला जाऊन जिंकलो. त्यांच्या कोर्टवर काच नाही, म्हणून सान्वी कोर्टवर उतरायलाच तयार नव्हती. शेवटी सगुणाबाईंना फोन लावला आणि आमच्या वतीने त्यांनी तिकडे काचेला हात लावला! असली ही टीम. सुशिक्षित म्हणवतात.

सलग चार. टेबलात पहिले. प्राची भिवंडीच्या गोदामात दिवसभर पार्सलं चिकटवते. चषक मिळाला तर आम्ही पुण्याला राज्य स्पर्धेत, आणि तिथे कुणाच्या नजरेत भरली तर तिला क्रीडा कोट्यातून नोकरी. परतताना म्हणाली, "ताई, मला पहिल्यांदा वाटतंय की होईल." मी खिडकीबाहेर बघत बसले.

३० नोव्हेंबर, रविवार

२–१. जेमतेम.

शेडचं मोठं दार अडतंय. खालून नाही, वरून. ऋतुराजने खांदा लावला तेव्हा कुठे सरकलं. दार आपोआप उंच होत नाही. म्हणजे वरची तुळई खाली आली असणार...

धावत काचेकडे गेले. अखंड! तारीख तेवढी पुसली गेलीय. एवढ्या जणींचे घामट हात लागतात, राहील कशी? पुन्हा घालायला मार्कर नव्हता. पुढच्या वेळी.

दाराला तेल घातलं.

३ डिसेंबर

मार्कर न्यायचा आहे, हे आत्ता आठवलं.

१४ डिसेंबर, रविवार

आज सामन्याआधीच्या सरावात वरून नट पडला. सान्वीपासून हातभर अंतरावर. टण्ण करून उडाला, गोलात गेला. पोरी हसल्या — "ताईने शेवटी एक सोडला!"

मी उचलला. कैचीचा नट. असे हजारो पिळलेत मी. तो आपणहून सुटत नाही, जोड सारखा हलत राहिला तरच सुटतो.

खांबाखाली पांढरी भुकटी होती, मूठभर. सगुणाबाई झाडत होत्या. विचारलं, "रोज असते का ही?" त्या गडबडल्या. "न्हाई वो ताई, चुना असंल." आणि भराभर सुपलीत भरून बाहेर गेल्या.

काच? अखंड. स्वच्छ, अगदी लख्ख. तिच्यात माझं तोंड दिसलं आणि ते मला आवडलं नाही.

सामना ६–० जिंकलो.

१५ डिसेंबर

नट पर्समध्ये आहे. काकांना दाखवणार होते. नाही दाखवला. का नाही दाखवला ते मला माहीत आहे, लिहायची गरज नाही.

बरं, लिहिते. ते "बंद करा" म्हणाले असते.

२१ डिसेंबर

बरोबरी, पण पुरली. टेबलात पहिले आलो! नियमाप्रमाणे उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामने पहिल्या नंबरवाल्याच्या घरी. आमच्या घरी. पोरी नाचत होत्या, आणि मी एकटीच वर बघत होते.

२८ डिसेंबर, रविवार

अंतिम फेरीत!! ३–२, शेवटचा गोल शेवटच्या मिनिटाला, प्राचीने पाठमोरी असताना टाचेने मारला. सान्वीच्या गावाहून बँजो आलेला. दोनशे माणसं पाय आपटत होती.

त्या गदारोळात मला आवाज आला. बोटं मोडल्यासारखा. एकदाच. माझ्या मागून, खांबाकडून.

वीस मिनिटं पोरींनी मला खांद्यावरून खालीच उतरवलं नाही. उतरल्यावर सगळं सोडून काचेकडे गेले. सगुणाबाई तिथेच उभ्या, पदराने काच पुसत होत्या. "बघा ताई, कशी हाय आपली काच!" अखंड होती.

मग आवाज कसला? शपथ, मी ऐकलाय.

४ जानेवारी, रविवार

नाथाशेठने हौसेने गॅलरी बांधायला घेतलीय, अंतिम सामन्यासाठी. शंभर माणसांचं मचाण. टेकवलंय कशाला? त्याच खांबांना.

भांडले. म्हणाले, "तू त काच लावलीस ना? फुटली का?" नाही. "मंग?"



५ जानेवारी

आज काकांना सगळं सांगितलं. नट दाखवला. दार, भुकटी, आवाज, गॅलरी. त्यांनी नट तळहातावर बराच वेळ फिरवला.

"काच?"

"अखंड."

"दोन महिने? मधला खांब काढलाय, दार अडतंय, आणि काचेला साधा तडा नाही?"

"नाही काका. दर सामन्याला बघते मी."

"तू स्वतः लावलीयस?"

"स्वतः."

नट परत माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "मग काच म्हणतेय ते खरं. पण मी बापजन्मात असं बघितलं नाही."

दिलासा मिळायला हवा होता. जेवण गेलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

उद्या अंतिम सामना, कल्याणशी. प्राचीने गोदामातून सुट्टी घेतलीय. तिची आई डोंबिवलीहून येणार, आयुष्यात पहिल्यांदा मुलीचा सामना बघायला. माझी आईपण येणार म्हणते. दोघी गॅलरीत बसतील, पुढच्या बाकावर, ऋतुराजने जागा धरून ठेवल्यात.

मार्कर पर्समध्ये टाकला. उद्या तारीख घालीन.

११ जानेवारी, रविवार. दुपारी साडेतीन

बाहेर पायरीवर बसून लिहितेय. काय करायचं ते ठरवायचंय म्हणून. आत अडीचशे-तीनशे माणसं आलीत, सामना साडेचारला.

मार्कर घेऊन काचेकडे गेले तर खांबापुढे सगुणाबाई. बाजूला होईनात. डोळे सुजलेले. म्हटलं, "काय झालं मावशी?" तर हुंदकाच फुटला.

"फुटली ओ ताई. दुपारी बाया-मानसं वर चढली आन् फुटली. आज ऐतवार, फ्रेमवाला बंद. जादा आनलेली पट्टी मागल्या मॅचला लावली, दुसरी पट्टी न्हाई माज्याकडं. आज तुमी हरनार, माज्यामुळं."

दुसरी पट्टी?

पदराची गाठ सोडून त्यांनी वर्तमानपत्राची पुडी दिली. आत काचा. एक दार अडलं त्या आठवड्याची, माझ्या अक्षरातली ५ नोव्हेंबर तिच्यावर अजून दिसतेय. एक नट पडला त्या आठवड्याची. एक उपांत्य सामन्याची. दर वेळी त्यांनी तुकडे झाडून घेतले, कपाटातलं प्लास्टर कालवलं, नवी लावली. आमच्या नकळत, आमच्यासाठी.

"फुटकी काच दिसली तर अपशकुन हुतो ना ताई. तुमाला कशापायी दाखवू? जिंकत हुता तुमी."

 नशिबाची काच, हे मीच सांगितलं होतं.

चीर आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. बोट आत जातं.

आईचा आवाज येतोय. ती वर गॅलरीत बसलीय, मला हाक मारतेय, हात हलवतेय.

चालले. मेन स्विच दाराजवळ आहे.

११ जानेवारी. संध्याकाळी सात

सगळ्यांना बाहेर काढलं. दिवे घालवले, ओरडले, एकेकाला हात धरून उतरवलं. नाथाशेठने चारचौघांत शिव्या घातल्या. पंचांनी घड्याळ बघितलं — घरचं कोर्ट देता आलं नाही म्हणून चषक कल्याणला. ऋतुराज एवढंच म्हणाला, "आजच सुचलं तुला?" प्राची आत्ताच तिच्या आईला घेऊन निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगुणाबाई अजून रडतायत, त्यांना वाटतंय काच फुटली म्हणूनच हे सगळं झालं.

मी समोरच्या फुटपाथवर बसलेय. अडीच तास झाले. छप्पर जसंच्या तसं उभं आहे.

ते पडावं असं मला वाटतंय. आत्ताच, प्राची फार लांब जायच्या आत.